अमेरिकेतली आपली मंडळी

अन्याय झाला तो आमच्या रोटोटुनाच्या काकांवर. रोटोटुना म्हणजे न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनचं एक उपनगर. कधी झाला तेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे उद्या कुणी "असं काही झालंच नव्हतं" म्हणायला नको. गेल्या वर्षी, मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, शनिवारी दुपारी, चहाच्या जरा आधी. काका स्टेजवर उभे होते, चष्मा कपाळावर चढवलेला होता आणि ते नुकतेच म्हणाले होते, "आता आपण मागच्या रांगेकडे वळू." तेवढ्यात माइक बंद झाला. बिघडला नाही, बंद केला. मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः खुर्चीवरून उठून, स्वतःच्या हातानं बंद केला. पुढच्या क्षणाला हॉलमध्ये हिंदी गाणं दणाणलं आणि अध्यक्षांची सून चमचमत्या लेगिंग्ज घालून डान्स फिटनेसचं प्रात्यक्षिक द्यायला धावत आली. काका अजून स्टेजवरच होते. त्यांना उतरायला जागा मिळावी म्हणून ती बिचारी पहिली दोन कडवी एका कोपऱ्यात नाचली.

आता ज्यांच्यावर हा अन्याय झाला ते काका कोण? माझे सख्खे काका नव्हेत. सख्खे असते तर मी गप्प बसले असते, कारण नात्यातल्या माणसांची बाजू घेऊन लिहिणं मला पटत नाही. पण एक विधान मी छातीठोकपणे करते. अख्ख्या न्यूझीलंडमध्ये, दोन्ही बेटं धरून, अमेरिकेतल्या एका राजकीय घराण्यावर इतकं निर्मळ प्रेम करणारा दुसरा माणूस नाही. अमेरिकेतही नसेल. त्या घराण्यातल्या लोकांचं एकमेकांवरही इतकं प्रेम नाही, हे तर दर निवडणुकीत जगाला दिसतंच.

घराण्याचं नाव मी लिहीत नाही, कारण काका ते घेत नाहीत. ते म्हणतात, "आपली मंडळी." "या वर्षी आपल्या मंडळींचं काही खरं नाही," असं काका म्हणाले की नवीन माणसाला वाटतं, पुण्यात कुणीतरी आजारी आहे. मीही एकदा विचारलं होतं, "काका, नाव तरी सांगा." तर म्हणाले, "अगं, घरच्या माणसांची नावं काय घ्यायची? थोरले सिनेटर म्हटलं की कळतं. गव्हर्नरसाहेब म्हटलं की कळतं." कळतं ते फक्त काकांना.

आमची ओळख झाली ती भांडणातून. म्हणजे मी भांडायला निघाले होते. मंडळाची कमिटी वर्षानुवर्षं एकाच घरात फिरतेय हे पाहून माझं डोकं फिरलं होतं आणि संक्रांतीच्या कार्यक्रमात मी एक पत्रक वाटलं होतं. मथळा होता, 'मंडळ कुणाच्या घरचं?' लोकांनी ते तिळगुळाखाली ठेवायला वापरलं. एकट्या काकांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. "पत्रकबाई का? घरी या. चुका आहेत." मी तावातावानं गेले. काकांनी दार उघडलं, मला बसवलं, पोहे पुढे ठेवले आणि माझं पत्रक पेन्सिलीनं ठोकत म्हणाले, "तू लिहिलंयस, 'खजिनदार आणि सांस्कृतिक सचिव हे अध्यक्षांचे नातेवाईक आहेत.' नातेवाईक म्हणजे काय गं? हा काय शब्द झाला? खजिनदार त्यांचे साडू. सांस्कृतिक सचिव खजिनदारांची बहीण, म्हणजे अध्यक्षांच्या मेहुणीची नणंद. शिवाय तिची मुलगी अध्यक्षांची सून, म्हणजे ती त्यांची विहीणही. आरोप करायचा तर नीट कर. नुसतं नातेवाईक म्हटलंस तर कोण घाबरेल?"

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला ही घराणेशाही मान्य नाही ना?"

"मान्य?" काकांचे डोळे लकाकले. "अगं, अप्रतिम आहे! हॅमिल्टनसारख्या गावात, एवढ्याशा मंडळात, इतकी गुंतागुंत! आपल्या मंडळींना इथवर यायला तीन पिढ्या लागल्या."

तिथून मला आपल्या मंडळींची ओळख झाली. काका पुण्याहून इथं आले ते दूध पावडरच्या कारखान्यात पाइपलाइनचे इंजिनिअर म्हणून आणि सगळी हयात त्यांनी दूध कुठून कुठं जातं हे बघण्यात घालवली. आता निवृत्त आहेत. नात्यांकडेही ते त्याच नजरेनं बघतात. लग्न म्हणजे वेल्ड, दोन पाइपांचा पक्का जोड. मूल म्हणजे पुढचा पाइप. आणि घटस्फोट म्हणजे व्हॉल्व्ह. "व्हॉल्व्ह बंद केला म्हणून पाइप कुणी उपटून टाकत नाही," हे काकांचं लाडकं वाक्य आहे आणि ते नुसतं अमेरिकेपुरतं नाही. काकांच्या लेकीचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली. ती इथून लांब, दक्षिणेला पोरिरुआला राहते. पण तिचा पूर्वीचा नवरा, गोरा, उंच, शेतीची अवजारं दुरुस्त करणारा भला माणूस, अजूनही दर आठवड्याला येऊन काकांचं लॉन कापतो आणि काका त्याला जावईबापू म्हणतात. लेक फोनवर ओरडते, "बाबा, ही इज नॉट युअर जावई एनीमोअर!" काका शांतपणे म्हणतात, "व्हॉल्व्ह बंद आहे बाळ. पाइपला गंज लागू नये एवढंच मी बघतोय." जावईबापू दिवाळीला अभ्यंगस्नानालाही हजर असतो. त्याला पाटावर मांडी घालता येत नाही, म्हणून काकांनी त्याच्यासाठी स्वतःच्या हातानं उंच पाट बनवलाय. उटणं लावून घेताना तो खूश होऊन इथल्या पद्धतीनं "स्वीट अ‍ॅज" म्हणतो.

तर ही आपली मंडळी. थोरल्या सिनेटरांना दोन मुली, एक मुलगा. थोरल्या मुलीचा नवरा पुढे गव्हर्नर झाला. धाकटीचा नवरा विरुद्ध पक्षात गेला आणि एका निवडणुकीत हे दोघे समोरासमोर उभे राहिले. जगातल्या पत्रकारांनी या निवडणुकीवर कर, तेल, शाळा, धर्म अशा अंगांनी ढीगभर लिहिलं. काका ते सगळं वाचतात आणि मान हलवतात. "ठीक आहे, लिहू दे. पण मुद्दा कुणी लिहिलाच नाही. ते साडू आहेत! सासरेबुवांनी सणाच्या जेवणात पहिला तुकडा कुणाच्या ताटात वाढला असेल, तिथं ही निवडणूक सुरू झाली." मी कर आणि शाळांवर तासभर बोलू शकते, पण तेवढ्यात मला आमच्या मंडळाचं राजकारण आठवलं. काकांचं वाक्य मी पुढच्या पत्रकासाठी लिहून घेतलं.

काकांचा सगळ्यात मोठा राग इंग्रजी भाषेवर आहे. झालं असं की सिनेटरांच्या मुलाची बायको त्याला सोडून गेली आणि तिनं लग्न केलं कुणाशी, तर गव्हर्नरसाहेबांच्या धाकट्या भावाशी. म्हणजे जी तिची नणंद होती तीच तिची जाऊ झाली. "विचार कर," काका खुर्चीतून अर्धे उठून सांगतात, "काल वहिनी म्हणून जिच्याकडून मान घेत होती, आज धाकटी जाऊ म्हणून तिच्याच हाताखाली! घरात काय उलथापालथ झाली असेल! आणि इंग्रजी पेपर काय लिहितो? आधी सिस्टर-इन-लॉ. नंतरही सिस्टर-इन-लॉ. म्हणजे काही घडलंच नाही! अरे, निम्मा इतिहास गिळलात की तुम्ही!" या विषयावर त्यांनी अमेरिकेतल्या एका संपादकाला ईमेल लिहिलं होतं, त्यात नणंद आणि जाऊ या दोन संस्था समजावून सांगितल्या होत्या. उत्तर आलं नाही. काकांचं म्हणणं, तो अजून विचार करत असेल.

त्यांच्या नातीलाही, म्हणजे याच लेकीच्या मुलीलाही, यातून सुटका नाही. ती आठ-नऊ वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. एकदा सुट्टीत आली असताना म्हणाली, "आजोबा, माय कझिन हॅज अ ट्रॅम्पोलिन." काकांनी पेपर खाली ठेवला. "कोणती कझिन? आते, मामे, चुलत, मावस?" ती म्हणाली, "जस्ट, लाइक... कझिन." काका उठले आणि तिला दाराबाहेर घेऊन गेले.

दाराबाहेर काय आहे ते सांगायलाच हवं. काकांच्या घरी चार माणसं जमली की बाहेर चपला-बुटांचा ढीग पडतो आणि आपण आत पोहे खात असताना काका हळूच बाहेर जाऊन त्या ढिगाची अमेरिका करतात. जावईबापूचे गमबूट म्हणजे थोरले सिनेटर. खाली पायरीवर मुली, त्यांच्या शेजारी नवरे, मग नातवंडं, अशी रांग थेट पत्रपेटीपर्यंत जाते. नवरा-बायको दाखवायचे तर वेगवेगळ्या जोडांतला एकेक पाय लागतो. त्यामुळे निघताना कुणालाच दोन्ही पाय एका ठिकाणी मिळत नाहीत. पहिल्या वेळी माझी डावी जांडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, सापडेना. मी म्हटलं, "काका, मला बस पकडायची आहे!" ते आतून ओरडले, "गव्हर्नरसाहेबांच्या भावाशेजारी बघ. तू त्याची बायको आहेस!" खरंच तिथं होती, एका चकचकीत काळ्या बुटाला खेटून. तो बूट अध्यक्षांचा होता, हे कळल्यावर मी ती जांडल दोनदा धुतली. नातीला मात्र हा खेळ भयंकर आवडला. आता ती फोनवर "आजोबा, शी इज माय आतेबहीण" असं सांगते. काका म्हणतात, वाक्याचा जो भाग महत्त्वाचा तो मराठीत आला, बाकीचं सावकाश येईल.

आणि निवडणुकीचा दिवस! अमेरिकेतले निकाल आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी लागतात. काका सकाळीच आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालतात, साजूक तुपातला शिरा करून ठेवतात. आपल्या मंडळींपैकी कुणी उभं असो वा नसो. "मतदार तरी कुठं ना कुठं असतीलच की घरातले." साडू-साडूंची लढत झाली तेव्हा मी विचारलं, कोण जिंकावंसं वाटतंय? म्हणाले, "मला काय? शिरा दोन्हीकडून गोडच." मी माणसं निवडून आणण्यासाठी दारोदार फिरणारी मुलगी आहे. पावसात भिजून, कुत्र्यांपासून पळून, 'तुमच्या भागाला बस हवी' अशी पत्रकं पेट्यांमध्ये टाकते. कोण जिंकलं याला महत्त्व नाही, कोण कुणाचा कोण याला आहे, असं म्हणणाऱ्या माणसाचा मला खरं तर संताप यायला हवा. येतोही. पण शिरा खाऊन झाल्यावर तो टिकत नाही.

एवढं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस काकांना या गावात एकच भेटलं, ते म्हणजे वाचनालयातली माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, एक बाई. काका तिथं एक जुनं पुस्तक परदेशातून मागवायला गेले होते. कशासाठी हवंय, असं तिनं सहज विचारलं आणि काकांनी थोरल्या सिनेटरांच्या आजोबांपासून सुरुवात केली. मी त्यांच्याबरोबर होते आणि मागची रांग बघून शरमेनं अर्धी झाले. पण त्या बाईनं शेजारच्या मुलीला आपली जागा दिली, काकांना बाजूच्या टेबलाशी नेलं, हाताची घडी घातली आणि ऐकत राहिली. मध्ये थांबवून एक प्रश्नही विचारला, तोही नेमका, धाकट्या मुलीच्या सासरबद्दल. शेवटी म्हणाली, आमच्याकडे माणूस ओळख करून द्यायला उभा राहिला की आधी डोंगर, नदी, वाडवडील सांगतो, स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. काका बाहेर आले ते तरंगतच. "बघितलंस? सुसंस्कृत देश आहे हा! उगाच नाही मी इथं आलो." ते आले होते दूध पावडरसाठी.

ते पुस्तक कशाला हवं होतं, हे मला नंतर कळलं. आता मी जे सांगणार आहे त्यासाठीच हे सगळं लिहितेय.

काका आणि काकू इथं आले त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांना ओळखणारं या देशात कुणीही नव्हतं. पुण्याला काकूंचा दर रविवार कुठल्या ना कुठल्या कार्यात जायचा. हॉलमध्ये एका कोपऱ्यात बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून काकांच्या कानात विचारायचं, "ही कोण हो? त्या ह्यांची कोण?" इथं रविवारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. हीटरसमोर दोघं बसलेली, टीव्हीवर अमेरिकेतल्या या घराण्यावरचा कार्यक्रम लागलेला आणि इंग्रजी नीट न समजणाऱ्या काकूंनी सवयीनं विचारलं, "ही कोण हो? त्या ह्यांची कोण?" काकांना सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी शोधून सांगितलं. मग काकूंनी पुढचं विचारलं. असा तो संसार वाढत गेला. कुणाचं लग्न ठरलं की काकू म्हणायच्या, "आपल्या मंडळींत कार्य निघालं." त्या दिवशी घरात गोड व्हायचं. शिरा मुळात काकूंचा.

एका प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं. गव्हर्नरसाहेबांच्या शपथविधीचा एक फोटो आहे. पुढे सगळी मंडळी हसत उभी आहेत आणि मागच्या रांगेत, अगदी कडेला, टोपी घातलेली एक बाई आहे. तिच्या दोन्ही हातांवर सगळ्यांचे कोट आहेत. काकूंनी टीव्हीजवळ जाऊन बोट ठेवलं होतं. "आणि ही? सगळ्यांचे कोट धरून उभी आहे ती? ही नोकर नाही हो. नोकर असती तर फोटोत उभी राहिली नसती. ही कुणाची तरी कोणीतरी आहे." लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या पर्सेस सांभाळत बसणारी एक बाई असतेच. बहुतेक वेळा ती काकू असायच्या. काकांनी खूप शोधलं, पण त्या बाईचं नाव कुठल्याच फोटोखाली नव्हतं. काकू गेल्या तेव्हा उत्तर मिळालेलं नव्हतं. ते मिळालं गेल्या वर्षी, वाचनालयातल्या बाईनं मागवून दिलेल्या पुस्तकात.

म्हणून काकांनी आयुष्यात पहिल्यांदा मंडळाकडे बोलायला वेळ मागितला. म्हणून ते दिवाळीला स्टेजवर उभे राहिले आणि थोरल्या सिनेटरांपासून एकेक पायरी चढत "आता आपण मागच्या रांगेकडे वळू" इथपर्यंत आले. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

मी त्या दिवशी घरी जाऊन एका दमात पत्रक लिहिलं, नावानिशी. काकांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "अध्यक्षांवर कशाला चिडतेस? सुनेचा कार्यक्रम होता. विहीण समोर बसली होती. माइक बंद केला नसता तर त्यांना घरी कुणी जेवू घातलं असतं?" मी म्हटलं, "काका, तुम्हाला राग येत नाही?" ते म्हणाले, "नाती कळली की राग धरायला जमत नाही गं. तीच तर अडचण आहे."

"बरं, मला तरी सांगा. कोण होती ती बाई?"

काकांनी हीटरसमोरच्या दोन खुर्च्यांपैकी रिकाम्या खुर्चीवरची काकूंची शाल उचलली, नीट घडी घातली आणि परत तिथंच ठेवली. "असं मधूनच कसं सांगू? नुसतं उत्तर ऐकून काय कळणार? आधी सगळी माणसं उभी करावी लागतात, मग ती मागं का उभी होती ते दिसतं. विचारणारीनं भरल्या हॉलमध्ये विचारायला हवं होतं ते. तिला हॉलच मिळाला नाही इथं. म्हणून म्हटलं, उत्तर तरी भरल्या हॉलमध्ये द्यावं."

तेव्हा मला कळलं की पत्रकात मी अन्याय झालेल्या माणसाचं नाव अर्धंच लिहिलंय; उरलेलं अर्धं काकूंचं.

आता काकांचं घर विकलं गेलंय. बाहेर पाटी लागली आहे. फेब्रुवारीत इथला उन्हाळा संपला की ते लेकीकडे पोरिरुआला जाणार. तिच्या घरामागे त्यांच्यासाठी एक खोली आहे. लॉनही आहे आणि जावईबापूनं एवढ्या लांब येऊन ते कापायचं कबूल केलंय. लेक काही बोलली नाही, त्यावरून काकांना वाटतं की व्हॉल्व्ह जरासा सैल होतोय. ते आनंदात आहेत. पण त्याआधी मंडळाचा एकच कार्यक्रम उरलाय, संक्रांतीचा, आणि त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत काकांचं नाव नाही. डान्स फिटनेस मात्र आहे, भाग दोन.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला, हो तुम्हालाच, मी सांगतेय. संक्रांतीला या. तुम्ही अध्यक्षांचे कोण लागता, ते घरी ठेवून या. काकांना वेळ द्यायचा का, असं मी उभी राहून विचारीन, तेव्हा हात वर करा, आणि माझ्या हातापेक्षा उंच करा. घाईत नसाल तरच बूट घालून या, कारण ते दाराबाहेर काढावे लागतील आणि परत कुठल्या राज्यात सापडतील याची हमी नाही. पुढची एक खुर्ची रिकामी ठेवा, तिच्यावर शाल असेल. आणि काका "आता आपण मागच्या रांगेकडे वळू" म्हणाले की कुणालाही त्या माइकजवळ फिरकू देऊ नका.